बाजू आणि बाही

माझ्याकडे मोटरसायकलवर घालायची तीन जॅकेटं आहेत आणि तीनही लागतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या दर्पण कॉलनीत ज्याचा त्याचा मला ‘तीन कशाला?’ हा प्रश्न विचारून झालाय. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यानं काढलाय त्यानं तरी जाळीचं जॅकेट कशाला असं विचारू नये. वारा आत शिरतो, घाम वाळतो, आणि खांद्याला, कोपराला, पाठीला आतून कडक गाद्या असतात त्या असतातच. तेच जॅकेट घालून जानेवारीच्या धुक्यात आग्र्याच्या रस्त्याला लागा, मुरैना यायच्या आत दात वाजायला लागतील. म्हणून दुसरं जाड, अस्तराचं. आणि तिसरं साधं, सुती, शर्टासारखं दिसणारं, ते रोज इंदरगंजला कचेरीत जायचं. मी सरकारी कचेरीत नकाशे तपासतो. तिथं टेबलावर नुसतं हेल्मेट ठेवलं तरी चार जण उचलून बघून जातात.

तिसरं जॅकेट मी सगळ्यात शेवटी घेतलं आणि खरं म्हणजे ते सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं. त्याआधी माझा नियम सोपा होता. लांब जायचं, म्हणजे शिवपुरी, ओरछा, झाशी, तर सगळं अंगावर चढवायचं: बूट, गुडघ्याला बांधायच्या कडक वाट्या, हातमोजे, पावसाचं आवरण, सगळं. जवळ जायचं तर चप्पल घालून निघायचं. हा नियम मूर्ख माणसाचा आहे. डांबर लांबचं असो की जवळचं, सारखंच सोलतं. तरी आमच्या गावात नव्वद टक्के लोक अजून असंच वागतात. मला सल्ला विचारायला येतात तेव्हाही पहिला प्रश्न हाच, ‘लद्दाखला जायचंय, काय काय घेऊ?’ अरे बाबा, लद्दाखला तू आयुष्यात एकदा जाशील, भाजी आणायला रोज जातोस! मी सांगतो, आधी हातमोजे घे, कारण पडणारा माणूस पहिले हात टेकतो. मग घोट्याच्या वर येणारे बूट. मग जॅकेट. गाडीला लावायच्या पेट्या, पिशव्या, मोबाईलचा स्टँड, हे सगळं नंतर. ऐकणारा मान डोलावतो आणि पेट्या घेऊन येतो.

तर एवढं सगळं ज्ञान मला असूनही माझी बायको चार वर्षं माझ्या मागं बसत नव्हती. हे लिहायला बसलोय ते त्यासाठी.

चैत्र होता. दौलतगंजमध्ये तिच्या मावशीकडे चैत्रागौरीचं हळदीकुंकू होतं. आमची ग्वाल्हेरची मराठी घरं अशा दिवशी बरोबर एकमेकांकडे निघतात; आंब्याची डाळ, पन्हं, मोगरा, सगळं दक्षिणेत, म्हणजे तुमच्या महाराष्ट्रात, असतं तसंच, फक्त गप्पा अर्ध्या हिंदीत. ती साडी नेसून, केसात गजरा माळून बाहेर आली. तिच्या हातात तिचं हेल्मेट होतं. मी म्हणालो, ‘अगं, इथंच तर जायचंय. तिथं बायकांच्या गर्दीत ते कुठं सांभाळत बसशील? ठेव आत.’ ती म्हणाली, ‘राहू दे ना, हातात धरून बसेन.’ मी म्हणालो, ‘ठेव गं, उशीर होतोय.’ तिनं ठेवलं. माझं हेल्मेट मात्र माझ्या डोक्यावर होतं, कारण इंदरगंजच्या चौकात पोलीस उभे असतात आणि ते चालवणाऱ्यालाच धरतात. हे लिहितानाही माझे कान गरम होताहेत.

वळणावर कुणीतरी बांधकामाची खडी ओतून ठेवली होती. वेग म्हणावा तर काहीच नव्हता. चाक सरकलं, गाडी उजवीकडे आडवी झाली, मी उठून उभा राहिलो, तिला उठता येईना. तिचं उजवं कोपर मोडलं आणि कानाच्या वर डोकं फुटलं. टाके पडले. कोपर नंतर जोडलं गेलं, पण हात आजही पुरता सरळ होत नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि चिडलेला होता. माझ्या हातातलं हेल्मेट बघून म्हणाला, ‘आपने पहना है, इन्होंने क्यों नहीं पहना?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गजरा लगाया था साहब, मानी नहीं।’

बस्स. एवढंच. ती स्ट्रेचरवर होती, शुद्धीवर होती, आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं घरी गेल्यावर माफी मागू. पण संध्याकाळी तिचा भाऊ आला, त्यानंही तेच विचारलं, आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला काही जोर लागत नाही. मग पुण्याहून लेक आली, तिला सांगितलं. मग शेजारी. महिन्याभरात त्या गजऱ्याचा किस्सा झाला. मेहुणा लग्नाकार्यात चारचौघांत ओरडून विचारायचा, ‘ताई, आज काय? गजरा की हेल्मेट?’ लोक हसायचे. ती पण थोडं हसल्यासारखं करायची. तिनं गजरा माळणं सोडून दिलं, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तर लेकीनं कहर केला. केकवर साखरेचं लाल हेल्मेट आणि त्याभोवती साखरेचाच पांढरा गजरा. ‘आई, सेफ्टी फर्स्ट!’ म्हणून तिनं तो समोर ठेवला. पोरीचा काय दोष, तिला जे बापानं सांगितलं ते तिनं मनापासून मानलं. बायकोनं सुरी घेतली आणि साखरेचं हेल्मेट बरोबर मधोमध कापलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

माझ्या मागं ती बसत नव्हती, त्याचं कारण मी स्वतःला ‘भीती’ असं सांगत होतो. भीतीवर इलाज असतो. चांगलं सामान घ्यायचं, अंगभर घालायचं, की भीती जाते, असं माझं शास्त्र. ती आपली ऑटोनं जायची, शेजारणीच्या स्कूटरवर बसून जायची, अगदी आरामात, एक हात तिच्या खांद्यावर टाकून. स्कूटरवर भीती वाटत नाही आणि माझ्याच गाडीवर वाटते, हे गणित मी मुद्दाम सोडवत नव्हतो.

गेल्या दिवाळीनंतर मी चंग बांधला की हिला मागं बसवायचीच. इंदरगंजातल्या दुकानात तिला घेऊन गेलो, ऑटोनं. दुकानदारानं बायकांची म्हणून जी जॅकेटं काढली ती सगळी गुलाबी पट्ट्याची. तिनं दोन घालून बघितली. डावी बाही ठीक, उजवीत कोपर वाकलेलंच राहत असल्यामुळे आतली गादी सरकून पुढं येत होती, जिथं लागायचं तिथं काहीच नाही. दुकानदार म्हणाला, ‘आंटी जी, हाथ सीधा कीजिए।’ ती म्हणाली, ‘इतना ही होता है, भैया।’ दुकानदार ओशाळला. मी उगाच त्याच्यावर खेकसलो की तुमच्याकडे नीट माल नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘त्याला का ओरडलात? त्यानं काय केलं होतं?’

मग लेकीनं पुण्यातली एक बाई शोधून दिली. पस्तिशीची असेल, स्वतः मोटरसायकलवर हिंडते आणि घरच्या कारखान्यात मापानं जॅकेटं शिवते. ‘बाबा, एकदम जबरदस्त काम आहे तिचं, और मराठीत बोलते, तुम्हाला सोपं पडेल,’ लेक म्हणाली. सोपं पडेल! आमचे पूर्वज दफ्तरात लिहायला म्हणून दक्षिणेतून इकडे आले त्याला आठ पिढ्या झाल्या. मराठी आम्ही घरात टिकवली याचा मला भारी अभिमान. पण आठ पिढ्या ती हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसली आहे, हे आम्ही विसरतो.

मी बायकोला म्हटलं, माप घेऊ दे. ती म्हणाली, ‘घ्या. माप घ्यायला माझी ना नाही. बसणार नाही ते नाहीच.’ शिवणाच्या डब्यातली टेप काढून मी तिला उभं केलं आणि खांद्यापासून मनगटापर्यंत, दंडाभोवती, कमरेभोवती, सगळी मापं कागदावर लिहिली. कचेरीत लिहितो तशी, चौकटी आखून. ती टेपच्या आत मुकाट उभी होती. चार वर्षांत तिच्या इतक्या जवळ मी दिवसाउजेडी उभा राहिलो नव्हतो. तिच्या कोपराला आतून एक खड्डा पडलाय, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला.

पुण्याच्या बाईला फोन लावला. ती एकेक विचारत गेली, मी कागदावरून सांगत गेलो. छाती, कंबर, खांदा झालं.

‘काका, बाही किती?’

‘बाही बारा.’

‘बारा? बाराच इंच? नक्की?’

‘हो हो, बाराच. बारीक आहे ती.’

‘बरं… आणि बाजू?’

‘बाजू एकवीस.’

‘एकवीस! बरीच लांब होते हो.’

‘उंच आहे ती,’ मी ऐटीत म्हणालो.

ती म्हणाली, ‘तुमच्याकडे ऊन फार ना? ठीक आहे, काका, तुम्ही म्हणाल तसं.’ बायको शेजारीच बसून मटार सोलत होती. तिलाही काही खटकलं नाही. तीही इथलीच.

तीन आठवड्यांनी खोकं आलं. मी उघडलं आणि माझं डोकंच चालेना. कापड उत्तम, शिवण उत्तम, चेन दणकट. पण बाह्या कोपराच्या वरच संपलेल्या आणि जॅकेट खाली मांडीपर्यंत आलेलं. वेगळ्या पिशवीत कोपराच्या दोन गाद्या आणि चिठ्ठी: ‘काका, बाही आखूड ठेवल्यामुळे कोपराच्या गाद्या आत बसल्या नाहीत. वेगळ्या बांधायला पट्टे दिले आहेत.’ जे कोपर मोडलं तेवढंच उघडं टाकून बाकी सगळ्या बाईचं रक्षण करणारं जॅकेट!

बायकोनं ते अंगात घातलं, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली, एकदा पुढून आणि एकदा मागून बघितलं. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘हा तर माझा शाळेतला फ्रॉक झाला.’ आणि हसायला लागली. अशी हसली की पलंगावर बसली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. मोटरसायकलच्या कुठल्याही गोष्टीवर तिला हसताना मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मी आधी चिडलो, मग मलाही आवरेना.

पुण्याला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकून पलंगावर मध्ये ठेवला. ‘बाई, हे काय शिवलंत?’

‘काका, तुम्ही सांगितलं तेच! बाही बारा, बाजू एकवीस.’

‘मग बरोबर आहे. दंडाचा घेर बारा, हाताची लांबी एकवीस.’

ती बाई म्हणाली, ‘काका, बाही म्हणजे हाताची, खांद्यापासून मनगटापर्यंत. बाजू म्हणजे काखेपासून खाली, अंगाची.’

‘आमच्याकडे बाजू म्हणजे हात!’

‘मग हाताला काय म्हणता?’

‘हातच म्हणतो,’ मी म्हणालो, आणि तिघंही हसत सुटलो. हिंदीत बाज़ू म्हणजे दंड, हात. आमच्या घरात कुणाला इंजेक्शन दिलं की ‘बाजू दुखून राहिलाय’ असंच म्हणतात, माझी आईही म्हणायची. ‘बाँह का घेर’ म्हणून दंडाचा घेर मोजणारा दौलतगंजचा शिंपी आणि बाहीची लांबी विचारणारी पुण्याची शिंपीण, यांच्यामध्ये आमचं शुद्ध मराठी असं आडवं पडलं होतं.

‘पाठवा परत,’ ती म्हणाली. ‘नवीन बाह्या लावते, उंची कापते. पण आता सगळं नीट सांगा हं. कोपर कुठं मोडलं होतं? काकू पडल्या कशा, उजव्या अंगावर? त्याप्रमाणे गादी बसवते. डोक्याला नाही ना काही? हेल्मेट होतं ना?’

वाक्य जिभेवर तयारच होतं. इतक्यांदा सांगितलेलं, की कुठं थांबलं म्हणजे लोक हसतात तेही पाठ. मी म्हणालो, ‘त्याचं काय झालं…’ आणि बायकोचं हसू गेलं. डोळ्यांतलं पाणी अजून गालावर होतं, पण हसू गेलं. ती खाली बघून त्या आखूड बाहीची कड बोटांनी सरळ करायला लागली. पुन्हा एका नव्या माणसाला ते ऐकवलं जाणार होतं, तिच्यासमोर, आणि ती त्याची तयारी करत होती.

‘नव्हतं,’ मी म्हणालो. ‘तिनं हेल्मेट बाहेर आणलं होतं. मी आत ठेवायला लावलं. माझं मी घातलं होतं.’

‘असू दे काका, होतं असं,’ ती बिचारी म्हणाली.

‘होतं असं नाही! मी केलं. आणि वर चार वर्षं लोकांना सांगितलं की तीच नको म्हणाली.’

पुण्याच्या बाईचं तरी काय चुकलं. तिनं जॅकेटाची मापं विचारली होती. बायकोनं फोन उचलला, आवाज कमी केला आणि स्वतःच बोलायला लागली. ‘हां, उजवं कोपर. हात इतकाच सरळ होतो, मी फोटो काढून पाठवते. बाही एकवीस. आता बरोबर समजलं ना?’ टेप मागून घेऊन तिनं काखेपासूनचं मापही स्वतःचं स्वतः घेतलं.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, सुटलो. जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, ‘सांगितलं बघ.’

ती माझ्याकडे वळली. ‘कुणाला सांगितलंत? ती कोण आपली? मला चिडवणारे पुण्यात जॅकेटं नाही शिवत.’

‘मग काय करू?’

‘मला काय विचारता? लेक तुमची आहे.’ आणि मग, पहिल्यांदाच, सरळ म्हणाली, ‘मला गाडीची भीती नाही वाटत हो. कधीच नव्हती. तुमच्या मागं बसावंसं वाटत नाही, बस.’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिथून उठलो आणि गाडी पुसत बसलो.

मेहुण्याला सांगणं मला जड नव्हतं. लेकीला सांगणं जड होतं. तिला गाडी मी शिकवली. पुण्यात ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा हेल्मेट आणि हातमोजे घालून जाते, मैत्रिणी हसतात, तर म्हणते, ‘माझ्या बाबांचा रूल आहे.’ त्या रूलवर मला पोरीकडून जो मान मिळत होता तो मला सोडवत नव्हता. हे जसंच्या तसं लिहितो, कारण त्या दिवसांत मी स्वतःला दुसरीच कारणं देत होतो: तिचं ऑफिस, तिची सर्दी, फोनवर अशा गोष्टी बोलू नयेत, ती आली की समोरासमोर सांगू.

जॅकेट दुरुस्त होऊन आलं. करड्या रंगाचं, गुलाबी पट्टा नाही, उजवी बाही किंचित वाकवून शिवलेली, गादी बरोबर हाडावर. तिनं घातलं, हात वर-खाली करून बघितला. ‘फार छान केलंय तिनं,’ म्हणाली. मी श्वास धरून उभा. तिनं ते काढलं, हँगरला लावलं, कपाटाचं दार लावलं आणि कुकर लावायला गेली. मी त्या बंद दारासमोर उभा राहिलो. जेवढं विकत घेता येण्यासारखं होतं तेवढं सगळं आता त्या कपाटात होतं.

लेकीला त्याच दुपारी फोन केला. सुरुवात फिरवून-फिरवून केली, तिला काही कळेना. ‘बाबा, मतलब काय झालं? तब्येत बरी आहे ना?’ शेवटी डोळे मिटून सांगितलं. हेल्मेट आईच्या हातात होतं. मी ठेवायला लावलं. गजऱ्याचं काही नव्हतं, ते मी डॉक्टरसमोर बनवलं.



‘बाबा, वो केक…’

‘हो.’

‘तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्याकडे व्हिडिओ आहे.’

‘हो.’

‘आईला द्या फोन.’

मी फोन बायकोला दिला आणि मधल्या खोलीत जाऊन उभा राहिलो. ऐकू नये एवढी अक्कल होती, तरी ऐकलं. ‘रडू नको गं,’ बायको म्हणत होती. ‘तुला काय माहीत होतं? नाही गं, तुझ्यावर कशाला रागावू… केक चांगला होता, अननसाचा होता ना?… बाबांवर? हो. खूप… नाही, सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आता आई बाबांवर ढकलते आहे… हो… बघू.’

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘अरे यार जीजाजी, इतकीशी बात! चार वर्षं झाली.’ मी त्याच्यावर असा ओरडलो की त्याच्या घरातली सगळी बाहेर आली. लेक आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिचा मेसेज आला, त्यात फक्त आईच्या बुटांचं माप विचारलं होतं. बूट आले, घोट्याच्या वर येणारे.

मग एका रविवारी सकाळी मी अंगणात गाडीची साखळी साफ करत होतो. ती बाहेर आली. सलवार, त्यावर गुडघ्याच्या वाट्या, नवे बूट, करडं जॅकेट, हातमोजे, हेल्मेट. मी तसाच उकिडवा बसून बघत राहिलो.

‘तिघऱ्याच्या धरणापर्यंत जाऊन येऊ,’ ती म्हणाली. ‘लांबही नाही, जवळही नाही. आणि हात धुवा आधी.’

मी हात धुतले, माझंही सगळं अंगावर चढवलं. ती पूर्वी साडीत एका अंगाला पाय सोडून बसायची. आज पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसली. ती बसली तशी गाडी मागून खाली दबली. चार वर्षं मागचं स्प्रिंग मी माझ्या एकट्याच्या वजनाला लावून ठेवलं होतं. ते घट्ट करायला हवं, हे मला कळलं, पण उतर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरली.

कॉलनी संपली, चौक गेला, गावही मागं पडलं. रस्ता मोकळा होता. मी इतकी हळू चालवत होतो की एक सायकलवाला पुढं निघून गेला. माझ्या हेल्मेटची काच आतून धूसर झाली होती आणि मला पुढचं नीट दिसत नव्हतं. तिनं पाठीवर थाप मारली.

‘काय झालं? गाडी डगमगतेय.’

‘काही नाही, मागचं स्प्रिंग सैल आहे,’ मी म्हणालो. आणि लगेच म्हणालो, ‘नाही. स्प्रिंग सैल आहे, पण ते नाही. रडतोय.’

मग तिचा हात खांद्यावर आला.

‘रडा,’ ती म्हणाली. ‘पण गाडी थांबवून रडा.’

मी गाडी कडेला घेतली.